अमेरिकेची यादवी आणि अपुरी राहिलेली मुक्ती

एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांवर शस्त्र उचलले की मराठी माणूस त्याला 'यादवी' म्हणतो. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री जमलेले यादव मद्याच्या धुंदीत एकमेकांवर तुटून पडले आणि समुद्रकाठचे गवत उपटून त्यांनी परस्परांचा संहार केला, त्या कथेतून हा शब्द आला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे युद्ध झाले, त्यालाही मराठी लेखकांनी हेच नाव दिले. एका देशाचे, एका भाषेचे, पुष्कळदा एका कुळातले लोक समोरासमोर उभे राहिले, एवढ्यापुरते ते नाव चपखल आहे. परंतु यादवांचा कलह धुंदीतला होता. अमेरिकेच्या यादवीमागे अडीचशे वर्षांचे एक कारण होते, आणि ते कारण चाळीस लक्ष माणसांच्या रूपाने दक्षिणेच्या मळ्यांत राबत होते.

पार्श्वभूमी : कापूस आणि माणसे

१६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसएक माणसे उतरविण्यात आली. पुढे हा व्यापार वाढत गेला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान असल्याचे घोषित केले. पण १७८७ मध्ये सिद्ध झालेल्या राज्यघटनेने गुलामगिरीला हात लावला नाही. 'गुलाम' हा शब्द त्या घटनेत कोठेही नव्हता, मात्र प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावीत, असा हिशोब तीत होता. शब्द टाळला तरी वस्तुस्थिती टळत नाही, याचा अनुभव त्या राष्ट्राला पुढे यावयाचा होता.

उत्तरेकडील राज्यांनी हळूहळू गुलामगिरी बंद केली. दक्षिणेतही ती आपोआप मावळेल, अशी आशा काही घटनाकारांना होती. एका यंत्राने ती फोल ठरविली. १७९३ मध्ये इलाय व्हिटनी याने कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. हाताने सरकी काढण्याचे अत्यंत वेळखाऊ काम झपाट्याने होऊ लागले, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची भूक भागविण्यासाठी दक्षिणेतील मळे पश्चिमेकडे पसरत मिसिसिपी नदीच्याही पलीकडे गेले. यंत्राने सरकी काढण्याचे श्रम वाचविले, पण पेरणी, निंदणी आणि वेचणी यांसाठी लागणाऱ्या गुलामांची संख्या अनेक पटींनी वाढविली. १८६० च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ३ कोटी १४ लक्ष भरली, तीत सुमारे ३९ लक्ष ५० हजार गुलाम होते. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या हातांनी वेचलेला असे.

या व्यवस्थेचे रक्षण केवळ चाबकाने होत नव्हते. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या साक्षर गुलामाने बंड उभारले. त्यानंतर दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविण्याविरुद्धचे कायदे अधिक कडक केले. पुढे मुक्तीच्या चळवळीचा थोर वक्ता ठरलेल्या फ्रेडरिक डग्लसला बालपणी बाल्टिमोर येथे मालकिणीने मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा तिच्या नवऱ्याने ते तत्काळ थांबविले. शिकलेला माणूस गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे त्याचे म्हणणे होते. त्या नकारातूनच मुक्तीची वाट कोणती हे आपल्याला कळले, असे डग्लसने आपल्या १८४५ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

फुटीकडे

वाद पेटला तो नव्या प्रदेशांवरून. देश पश्चिमेकडे वाढत होता आणि प्रत्येक नवे राज्य गुलामीचे की मुक्त, हा प्रश्न दर वेळी उभा राहत होता. १८२० मध्ये मिसूरीच्या तडजोडीने अक्षांशाची एक रेषा आखून तो मिटविला गेला. १८५० मध्ये दुसरी तडजोड झाली. तीत पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा अत्यंत कठोर कायदा उत्तरेच्या माथी मारण्यात आला. गुलामगिरी ही दूरची गोष्ट मानणाऱ्या उत्तरेतील नागरिकांच्या दारांत आता माणसे पकडणारे येऊ लागले. १८५२ मध्ये हॅरिएट बीचर स्टोव्ह यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि पहिल्याच वर्षी तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेषा पुसली, आणि कॅन्ससमध्ये दोन्ही पक्षांत रक्तपात सुरू झाला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला आणि तो फासावर गेला. तडजोडीची एकेक वाट अशी बंद होत गेली.

नोव्हेंबर १८६० मध्ये चौरंगी निवडणुकीत सुमारे चाळीस टक्के मते मिळवून अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले. जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावावयाचा नाही, पण नव्या प्रदेशांत तिला पसरू द्यावयाचे नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. दक्षिणेला तीही मानवली नाही. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिनाने संघराज्य सोडले. पाठोपाठ आणखी सहा राज्ये फुटली आणि जेफर्सन डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली दक्षिणेचा वेगळा संघ स्थापन झाला.

हे युद्ध 'राज्यांच्या हक्कां'साठी होते, असे पुढे पराभूत पक्षाने अनेक वर्षे सांगितले. परंतु साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी यांनी फुटताना जी निवेदने प्रसिद्ध केली, त्यांत गुलामगिरीला असलेला धोका हेच कारण उघडपणे दिलेले आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील सव्हाना येथील भाषणात, कृष्णवर्णीयांची दासता हीच आपल्या नव्या शासनाची कोनशिला असल्याचे सांगितले. शिवाय पळालेल्या गुलामांच्या बाबतीत उत्तरेकडील राज्यांचे हक्क मोडून काढण्यास याच मंडळींना केंद्राची सत्ता हवी होती. कारणांविषयी संशय राहावा, असे त्या काळच्या कागदपत्रांत काही नाही.

रणसंग्राम

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातील फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफांनी मारा सुरू केला. लिंकनने ७५,००० स्वयंसेवकांना आवाहन केले. त्यावर आणखी चार राज्ये फुटली आणि दक्षिणेच्या संघात अकरा राज्ये झाली. उत्तरेकडे सुमारे सव्वादोन कोटी लोक, कारखाने आणि रेल्वेचे मोठे जाळे होते. दक्षिणेकडे नव्वद लक्ष लोक होते आणि त्यांतले पस्तीस लक्ष गुलाम. तरीही दक्षिणेला युद्ध जिंकण्याची गरज नव्हती, केवळ न हरणे पुरेसे होते. रॉबर्ट ली यांच्यासारखा सेनापती तिच्याजवळ होता, आणि कापसासाठी ब्रिटन आपल्या मदतीला येईल असा तिचा भरवसा होता.

जुलै १८६१ मध्ये बुल रनची पहिली मोठी लढाई पाहण्यास वॉशिंग्टनमधील प्रतिष्ठित मंडळी घोडागाड्यांतून शिदोऱ्या घेऊन गेली होती. संध्याकाळी पळणाऱ्या सैन्याबरोबर त्यांनाही पळावे लागले. एप्रिल १८६२ मध्ये शायलो येथे दोन दिवसांत तेवीस हजारांवर सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. बंदुका नव्या आणि दूरवर अचूक मारणाऱ्या होत्या, पण सैन्ये जुन्याच पद्धतीने रांगा धरून चालून जात. १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये अँटिएटम ओढ्याकाठी एकाच दिवसात हा आकडा पुन्हा तेवीस हजारांपर्यंत गेला. अमेरिकेच्या इतिहासात त्याहून रक्तरंजित दिवस नाही.

दरम्यान ज्यांच्यासाठी हे चालले होते ते स्वस्थ बसले नव्हते. युद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे तीन गुलाम आश्रयास आले आणि तेथील सेनापती बेंजामिन बटलर याने त्यांना परत देण्यास नकार दिला. मग हजारो आले. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या गुलाम खलाशाने, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले असताना, चार्ल्स्टन बंदरातून 'प्लँटर' ही दक्षिणेची सशस्त्र आगबोट बाहेर काढली. वाटेत धक्क्यावरून त्याने आपल्या व सोबत्यांच्या बायकामुलांना घेतले, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढविली, फोर्ट सम्टरसमोर खुणेची शिटी बरोबर वाजविली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. तोवर त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. युद्धकाळातच तो ते शिकला.

लिंकनचा आरंभीचा हेतू संघराज्य वाचविण्याचा होता, आणि ऑगस्ट १८६२ मध्येही त्यांनी तो जाहीरपणे सांगितला होता. पण गुलामांच्या श्रमावर दक्षिणेचे सैन्य पोसले जात होते, आणि ते गुलाम स्वतःच्या पायांनी उत्तरेच्या छावण्यांत येत होते. अँटिएटमनंतर पाच दिवसांनी लिंकनने प्राथमिक घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. तो बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्यात राहिलेल्या चार गुलामधारी राज्यांना तो लागू नव्हता. तरीही युद्धाचा अर्थ त्या दिवशी बदलला. गुलामगिरी आपल्या साम्राज्यात आधीच बंद केलेल्या ब्रिटनला दक्षिणेची बाजू घेणे आता फार कठीण झाले. सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. प्रारंभी त्यांना गोऱ्या सैनिकांहून कमी वेतन मिळे. १८६४ मध्ये कायद्याने ते समान झाले. छावणीतल्या शेकोटीपाशी हातात पाटी किंवा मुळाक्षरांचे पुस्तक घेऊन बसलेल्या या सैनिकांची वर्णने त्या काळच्या पत्रांत व आठवणींत जागोजागी आढळतात.

जुलै १८६३ च्या पहिल्या चार दिवसांत पारडे फिरले. पेन्सिल्व्हेनियात गेटिसबर्ग येथे तीन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले, आणि लीला माघार घ्यावी लागली. ४ जुलैला, सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर, मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग ग्रँटच्या हाती आले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. १८६४ मध्ये ग्रँट सर्व सैन्याचे प्रमुख झाले. व्हर्जिनियात त्यांनी लीचा पिच्छा सोडला नाही. तिकडे शर्मनने सप्टेंबरात अटलांटा घेतले आणि समुद्रापर्यंत कूच करीत रेल्वेचे रूळ, कोठारे व पिके नष्ट केली. सामान्य शेतकऱ्याच्या घरापर्यंत युद्ध पोहोचविण्याची ही रीत पुढच्या शतकाची चाहूल होती.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे लीने शरणागती पत्करली. ग्रँटने उदार अटी दिल्या. शरण आलेल्यांनी नांगरटीसाठी आपापले घोडे घरी न्यावेत, एवढेही पाहिले. पाच दिवसांनी लिंकनवर नाटकगृहात गोळी झाडली गेली आणि १५ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला. ११ एप्रिलच्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार मिळावा असे सुचविले होते. मारेकरी त्या श्रोत्यांत उभा होता.

या युद्धात ६ लक्ष २० हजार सैनिक दगावले, असे दीर्घकाळ मानले गेले. शिरगणतीच्या आधारे अलीकडे झालेल्या गणितांत हा आकडा सात लक्षांच्या आसपास वा त्याहूनही वर जातो. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश लोक गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर यांसारख्या रोगांनी गेले.

विजयानंतरची हार

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर रद्द झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. कागदावर ही एक क्रांतीच होती, आणि काही वर्षे ती प्रत्यक्षातही उतरली. दक्षिणेत सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय लोकांनी सार्वजनिक पदे भूषविली. मुक्त झालेल्यांसाठी हजारो शाळा उघडल्या गेल्या. त्यांत नातवंडांशेजारी आजी-आजोबा बसून बाराखडी गिरवीत. फिस्क आणि हॉवर्ड ही विद्यापीठे याच काळातली. रॉबर्ट स्मॉल्सने ज्या घराच्या आवारात तो गुलाम म्हणून जन्मला होता ते घर विकत घेतले. १८६८ मध्ये साउथ कॅरोलिनाची नवी घटना तयार करणाऱ्या परिषदेत तो सदस्य होता. सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची तरतूद त्या घटनेत झाली. पुढे तो राष्ट्रीय काँग्रेसमध्ये निवडून गेला.

परंतु माणसे मुक्त झाली तरी जमीन मिळाली नाही. १८६५ च्या जानेवारीत शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला होता. लिंकननंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत केली. मग बटाईची शेती आली, तिच्याबरोबर दुकानदाराची उधारी आली, आणि वर्षअखेरीच्या हिशोबात कूळ पुन्हा त्याच मळ्याशी बांधले गेले. १८६६ पासून कू क्लक्स क्लान या गुप्त टोळीने मतदार, शिक्षक आणि शाळा यांवर हल्ले चढविले. १८७६ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर झालेल्या समझोत्यात उत्तरेने दक्षिणेतील सैन्याचे पाठबळ काढून घेतले. चार वर्षे लढून मिळविलेले उत्तरेने बारा वर्षांत, थकून, हातचे जाऊ दिले.

त्यानंतर जी युक्ती योजली गेली ती ग्रंथालयाच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. पंधराव्या दुरुस्तीमुळे वर्णावरून मत नाकारता येत नव्हते. म्हणून १८९० मध्ये मिसिसिपीने मतदारासाठी वाचनाची परीक्षा ठेवली. घटनेतला उतारा वाचून दाखवा, किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे गोऱ्या अधिकाऱ्याने ठरवावयाचे. ज्यांना अक्षर शिकविणे एका पिढीपूर्वी गुन्हा होता, त्यांनाच आता अक्षर येत नाही म्हणून नागरिकत्वाच्या दाराबाहेर उभे करण्यात आले. १८९५ मध्ये साउथ कॅरोलिनाने तीच वाट धरली. त्या परिषदेत मोजके कृष्णवर्णीय सदस्य होते. प्रौढ झालेला रॉबर्ट स्मॉल्स त्यांत होता. त्याने कडाडून विरोध केला, आणि तो हरला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वर्णभेदी विलगतेला मान्यता दिली. ती मान्यता शाळांच्या बाबतीत १९५४ मध्ये उठली, आणि वाचनाच्या परीक्षांचा जाच १९६५ च्या मताधिकार कायद्याने मोडला. म्हणजे ॲपोमॅटॉक्सनंतर शंभर वर्षांनी.

एक गोष्ट मात्र हिरावता आली नाही. १८७० मध्ये कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ऐंशी टक्के निरक्षर होते. १९१० पर्यंत हे प्रमाण तीस टक्क्यांवर आले. जमीन, मत आणि संरक्षण ही तिन्ही गेलेली असताना हे घडले.

आपल्याकडील पडसाद

या युद्धाचा धक्का आपल्या प्रदेशालाही बसला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि ब्रिटनची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, भडोच येथील कापसाला कधी नव्हे ते भाव आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सराफांच्या शब्दावर नव्या बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये लीच्या शरणागतीची वार्ता आली आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. मुंबईच्या व्यापाऱ्याचे नुकसान डोळ्यांत भरले. दख्खनच्या कुणब्याचे नुकसान दिसावयास दहा वर्षे लागली. तेजीत सहज मिळालेले कर्ज मंदीत आटले, सारा वाढला, व्याज चढले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. जे दस्त जाळले ते बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांवर अंगठे मात्र त्यांचे होते.

त्या आधी दोन वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. तेथील हाडवैर येथील प्रश्नाशी जोडणारा हा पहिला मोठा मराठी लेखक. तो ग्रंथ निघाला तेव्हा अमेरिकेतील मुक्तीचा पट अजून उलटला नव्हता. पण शूद्रातिशूद्रांची दासता त्यांना विद्येपासून दूर ठेवण्यावर उभी आहे, हे १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या फुल्यांना अमेरिकेकडून शिकावे लागले नव्हते.

युद्ध चालू असतानाच, १८६४ च्या सुमारास, मिसूरी राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी एक मूल जन्मले. लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. आई पुन्हा दिसली नाही, मूल एका घोड्याच्या बदल्यात परत मिळाले. तेच पुढे टस्कीगीचे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर झाले. शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गावोगाव वणवण करणाऱ्या त्या मुलाची कथा वीणा गवाणकर यांच्या १९८१ च्या 'एक होता कार्व्हर'मधून मराठी घरांत पोहोचली. मराठी ग्रंथालयांत हे पुस्तक सारखे हातोहात फिरत असते. ते घेऊन जाणाऱ्या वाचकाने त्या मुलाच्या मागे उभी असलेली ही चार वर्षांची यादवी आणि तिच्या मागून आलेली शंभर वर्षे एकदा पाहावीत. दास्य रद्द झाल्याचा कायदा एका दिवसात होतो. त्या कायद्याचा अर्थ वाचता येणारी आणि तो बजावून मागणारी माणसे घडावयास पिढ्या लागतात, आणि त्या पिढ्यांना बसावयास कोठेतरी एक बाक आणि हाती एक पुस्तक लागते.